आम्लांची धातू व धातुसंयुगांशी होणारी अभिक्रिया

आम्लांची धातू व धातुसंयुगांशी होणारी अभिक्रिया हा अकार्बनी रसायनशास्त्रातील एक मूलभूत विषय आहे. आम्लाच्या जलीय द्रावणातील हायड्रोजन आयनांची जागा धातूच्या आयनांनी घेतली म्हणजे क्षार तयार होतो. आम्ल धातूशी संयोग पावते तेव्हा क्षाराबरोबर बहुधा हायड्रोजन वायू मिळतो. ऑक्साइड वा हायड्रॉक्साइडबरोबर पाणी, तर कार्बोनेटबरोबर पाणी व कार्बन डायऑक्साइड मिळतो. धातू आणि त्याच धातूचे संयुग यांची आम्लाशी वागणूक एकसारखी नसते. तांब्यावर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा परिणाम होत नाही, परंतु तांब्यावर चढलेला काळा ऑक्साइड त्याच आम्लात विरघळतो. चिंचेने तांब्याची भांडी उजळणे, कल्हई करणे, पोलादाचे पत्रे स्वच्छ करणे, ठिबक सिंचनाच्या नळ्यांतील चुनखडी काढणे अशा अनेक व्यवहारांचा पाया हा फरक होय. तो लक्षात न घेतल्यास विषबाधा, वायुबाधा व भाजणे असे अपघात घडतात.

संज्ञा

आम्ल : पाण्यात विरघळल्यावर हायड्रोजन आयन देणारा पदार्थ. हायड्रोक्लोरिक, सल्फ्युरिक व नायट्रिक ही खनिज आम्ले होत. चिंचेतील टार्टारिक, लिंबातील सायट्रिक, ताकातील लॅक्टिक व व्हिनेगरमधील ॲसेटिक ही सेंद्रिय आम्ले होत. जुन्या मराठी पुस्तकांत सल्फ्युरिक आम्लास गंधकाम्ल व नायट्रिक आम्लास नत्राम्ल असे म्हटलेले आढळते. बाजारात तीव्र आम्लांना सरसकट ‘तेजाब’ किंवा ‘ॲसिड’ म्हणतात.

आम्लारी : आम्लाचे उदासिनीकरण करणारा पदार्थ. धातूंची बहुतेक ऑक्साइडे व हायड्रॉक्साइडे आम्लारिधर्मी असतात.

क्षार : आम्लातील हायड्रोजनच्या जागी धातू आल्याने बनलेले संयुग. बोलीभाषेत ‘विहिरीच्या पाण्यातील क्षार’ असे म्हणताना मुख्यतः कॅल्शिअम व मॅग्नेशिअम यांची संयुगे अभिप्रेत असतात.

सामू : द्रावणाची आम्लता दर्शविणारा अंक. २५ अंश सेल्सिअस तापमानाला शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो. आम्लधर्मी द्रावणाचा त्याहून कमी असतो. सामूचा एक अंक कमी झाला म्हणजे हायड्रोजन आयनांची संहती दहापट वाढते.

‘तीव्र’ आणि ‘संहत’ या दोन संज्ञांची नेहमी गल्लत होते. पाण्यात ज्याचे जवळजवळ संपूर्ण आयनीभवन होते ते तीव्र आम्ल. ज्यात पाण्याचे प्रमाण कमी आहे ते संहत आम्ल. विरल हायड्रोक्लोरिक आम्ल हे तीव्र आम्ल आहे, मात्र ते संहत नाही. संहत ॲसेटिक आम्ल रासायनिक अर्थाने सौम्य असले, तरी ते त्वचा भाजते.

इतिहास

लोखंडाचा कीस आम्लात टाकल्यास पेट घेणारा वायू निघतो, हे निरीक्षण रॉबर्ट बॉइल यांनी १६७१ मध्ये नोंदविले. जोसेफ ब्लॅक यांनी १७५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कार्बोनेटांवर आम्लाची क्रिया करून ‘बद्ध वायू’, म्हणजेच आजचा कार्बन डायऑक्साइड, वेगळा ओळखला. हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७६६ मध्ये जस्त, लोखंड व कथील यांवर आम्लाची क्रिया करून मिळणाऱ्या ज्वलनशील वायूचा पद्धतशीर अभ्यास केला. ठरावीक वजनाच्या जस्तापासून मिळणारा वायू दोन वेगवेगळी आम्ले वापरली तरी सारखाच भरतो, असे त्यांना आढळले. या वायूस पुढे हायड्रोजन हे नाव मिळाले.

आंत्वान लव्हाझिये यांच्या मते प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असणे आवश्यक होते. ऑक्सिजन या नावाचा अर्थच ‘आम्लजनक’ असा आहे. क्लोरिन हे मूलद्रव्य असल्याचे हम्फ्री डेव्ही यांनी १८१० मध्ये दाखविले. हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन नसल्याचे त्यावरून सिद्ध झाले आणि आम्लतेचा संबंध हायड्रोजनशी जोडला गेला. स्वान्ते अऱ्हेनियस यांनी १८८४ च्या प्रबंधात आयनीभवनाची कल्पना मांडली. योहानेस ब्रॉन्स्टेड व थॉमस लॉरी यांनी १९२३ मध्ये ‘प्रोटॉन देणारा पदार्थ म्हणजे आम्ल’ ही व्यापक व्याख्या स्वतंत्रपणे दिली.

भारतात आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी पाऱ्यावर थंड विरल नायट्रिक आम्लाची क्रिया होऊ देऊन मर्क्युरस नायट्राइटचे पिवळे स्फटिक मिळविले व हे संशोधन १८९६ मध्ये प्रसिद्ध केले. भारतीय रसायनशास्त्राच्या आधुनिक इतिहासात या कार्यास विशेष स्थान आहे.

धातूंशी अभिक्रिया

सामान्य रूप पुढीलप्रमाणे आहे :

धातू + विरल आम्ल → क्षार + हायड्रोजन

उदा., जस्त + विरल सल्फ्युरिक आम्ल → झिंक सल्फेट + हायड्रोजन

या अभिक्रियेत धातूचा अणू इलेक्ट्रॉन गमावून धन आयन बनतो, म्हणजेच त्याचे ऑक्सिडीकरण होते. हायड्रोजन आयन ते इलेक्ट्रॉन स्वीकारतात, म्हणजेच त्यांचे क्षपण होते. ६५.४ ग्रॅम जस्त पूर्णपणे विरघळल्यास सुमारे २ ग्रॅम हायड्रोजन मिळतो. ० अंश सेल्सिअस तापमान व १ वातावरण दाब असताना त्याचे आकारमान सुमारे २२.४ लिटर भरते.

अभिक्रियाशीलता श्रेणी

कोणता धातू आम्लातून हायड्रोजन मुक्त करील हे धातूंच्या अभिक्रियाशीलता श्रेणीवरून ठरते. अधिक क्रियाशील धातूपासून कमी क्रियाशील धातूकडे जाणारा सर्वसाधारण क्रम असा : पोटॅशिअम, सोडिअम, कॅल्शिअम, मॅग्नेशिअम, ॲल्युमिनिअम, जस्त, लोखंड, निकेल, कथील, शिसे, (हायड्रोजन), तांबे, पारा, चांदी, सोने. हायड्रोजनच्या आधी येणारे धातू विरल आम्लातून हायड्रोजन मुक्त करतात. नंतर येणारे करीत नाहीत.

* पोटॅशिअम व सोडिअम यांची अभिक्रिया स्फोटक असते. शाळेत हा प्रयोग करू नये.
* मॅग्नेशिअमची फीत विरल हायड्रोक्लोरिक आम्लात जोराने फसफसते व परीक्षानळी तापते.
* जस्ताचे तुकडे मध्यम वेगाने विरघळतात. अतिशुद्ध जस्ताची अभिक्रिया मंद असते. थोडे मोरचूद टाकल्यास जस्तावर तांब्याचे कण बसून सूक्ष्म विद्युतघट तयार होतात व वेग वाढतो.
* लोखंडाची अभिक्रिया जस्ताहून मंद असते व तीत फेरस क्षार तयार होतो.
* कथील व शिसे यांची अभिक्रिया फार सावकाश होते.

संरक्षक थर

श्रेणीतील स्थानावरून काढलेला निष्कर्ष प्रत्येक वेळी प्रत्यक्षात दिसतोच असे नाही, कारण काही धातूंच्या पृष्ठभागावर अविद्राव्य थर बसतो. शिसे व विरल सल्फ्युरिक आम्ल यांच्या संयोगाने बनणारे लेड सल्फेट पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ते शिशावर चिकटून राहते व पुढील क्रिया थांबते. वाहनांच्या व इन्व्हर्टरच्या बॅटरीत सल्फ्युरिक आम्ल असूनही शिशाच्या पट्ट्या टिकतात, त्यामागे हे कारण आहे. ॲल्युमिनिअमवर नैसर्गिक ऑक्साइडचा पातळ थर असतो. त्यामुळे आम्लात टाकल्यावर प्रथम काही काळ काहीच होत नाही. थर विरघळताच अभिक्रिया एकाएकी वेग घेते. संहत नायट्रिक आम्लात लोखंड व ॲल्युमिनिअम यांच्यावर ऑक्साइडचा घट्ट थर बसून ते ‘निष्क्रिय’ होतात.

ऑक्सिडीकारक आम्ले

नायट्रिक आम्ल आणि उष्ण संहत सल्फ्युरिक आम्ल ही ऑक्सिडीकारक आहेत. हायड्रोजनच्या खालचे तांबे, पारा व चांदी हे धातूही त्यांत विरघळतात. अशा वेळी हायड्रोजन मिळत नाही. तांबे व संहत नायट्रिक आम्ल यांपासून नायट्रोजन डायऑक्साइड हा तांबूस तपकिरी विषारी वायू निघतो. आम्ल विरल असल्यास रंगहीन नायट्रिक ऑक्साइड निघतो व हवेशी संपर्क येताच तोही तपकिरी होतो. तांबे व उष्ण संहत सल्फ्युरिक आम्ल यांपासून सल्फर डायऑक्साइड मिळतो. अत्यंत विरल नायट्रिक आम्लातून मॅग्नेशिअम व मँगनीज मात्र हायड्रोजन मुक्त करू शकतात.

नायट्रिक आम्लात चांदी विरघळते, सोने विरघळत नाही. सराफी व्यवसायात या गुणधर्मावरून कसोटीच्या दगडावर उमटविलेल्या रेघेची परीक्षा करतात : पितळेची रेघ आम्लाचा थेंब पडताच नाहीशी होते, सोन्याची राहते. सोने विरघळविण्यासाठी आम्लराज लागते. आम्लराज म्हणजे तीन भाग संहत हायड्रोक्लोरिक आम्ल व एक भाग संहत नायट्रिक आम्ल यांचे ताजे मिश्रण. त्यातील नायट्रिक आम्ल सोन्याचे ऑक्सिडीकरण करते आणि क्लोराइड आयन सोन्याच्या आयनाला जटिल रूपात बांधून ठेवतात. दोहोंपैकी एकट्या आम्लाला हे साधत नाही.

धातुसंयुगांशी अभिक्रिया

ऑक्साइडे व हायड्रॉक्साइडे

धातूचे ऑक्साइड + आम्ल → क्षार + पाणी

या अभिक्रियेत वायू निघत नाही, उष्णता मात्र बाहेर पडते. कॉपर ऑक्साइडची काळी भुकटी कोमट विरल सल्फ्युरिक आम्लात विरघळून मोरचुदाचे निळे द्रावण तयार होते. गंज हा लोखंडाचा सजल ऑक्साइड असून तो हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळून पिवळसर द्रावण देतो. ॲल्युमिनिअम व जस्त यांची ऑक्साइडे उभयधर्मी असल्याने ती आम्लातही विरघळतात व तीव्र अल्कलीतही. जठरातील हायड्रोक्लोरिक आम्लाची तीव्रता कमी करण्यासाठी मॅग्नेशिअम हायड्रॉक्साइड व ॲल्युमिनिअम हायड्रॉक्साइड असलेली औषधे देतात, तीही याच वर्गातील अभिक्रिया होय.

कार्बोनेटे व बायकार्बोनेटे

धातूचे कार्बोनेट + आम्ल → क्षार + पाणी + कार्बन डायऑक्साइड

१०० ग्रॅम शुद्ध कॅल्शिअम कार्बोनेटास सुमारे ७३ ग्रॅम हायड्रोजन क्लोराइड लागते व ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. हा वायू चुन्याच्या निवळीस दुधाळ करतो. संगमरवर, खडू, शिंपले, अंड्याचे कवच व चुनखडी यांवर आम्लाचा थेंब टाकल्यास फसफसण्याची क्रिया लगेच दिसते. सल्फ्युरिक आम्लात मात्र संगमरवराचे मोठे तुकडे थोड्याच वेळात स्वस्थ होतात, कारण त्यांच्यावर अल्पविद्राव्य कॅल्शिअम सल्फेटचे आवरण बसते. म्हणून प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइड तयार करताना हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात.

सल्फाइडे, सल्फाइटे व इतर संयुगे

आयर्न सल्फाइड व विरल आम्ल यांपासून कुजलेल्या अंड्याचा वास असलेला हायड्रोजन सल्फाइड निघतो. धातूंची सल्फाइटे सल्फर डायऑक्साइड देतात. सायनाइडांपासून अतिविषारी हायड्रोजन सायनाइड निघतो. ब्लीचिंग पावडर व हायड्रोक्लोरिक आम्ल यांपासून क्लोरिन मिळतो. कोणता वायू निघेल हे पुष्कळदा आम्लावर नव्हे, तर संयुगातील ऋण आयनावर अवलंबून असते.

गंगापूर व परिसरातील उदाहरणे

गंगापूर हा छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यातील तालुका गोदावरीच्या उत्तर तीरावर वसला आहे. बेसाल्ट खडकाची काळी जमीन, विहिरींवरील बागायत आणि वाळूजची औद्योगिक वसाहत या तिन्ही गोष्टी या तालुक्यात एकत्र आहेत. जिल्ह्याच्या शहरात जुनी हस्तकला व जुन्या वास्तू आहेत. त्यामुळे वर सांगितलेल्या बहुतेक अभिक्रिया या एका परिसरातच पाहावयास मिळतात.

भांडी कळकणे व कल्हई

तांब्या-पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात ताक, आमटी, चिंचेचे सार असे आंबट पदार्थ ठेवले तर ते ‘कळकतात’, म्हणजे त्यांना कडवट, तुरट चव येते व ते खाल्ल्यास मळमळ व उलट्या होतात. तांबे हायड्रोजनच्या खाली असल्यामुळे ते ताकातील सौम्य आम्लात विरघळू नये असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु हवेतील ऑक्सिजन तांब्याचे सावकाश ऑक्सिडीकरण करतो आणि तयार झालेले संयुग लॅक्टिक वा टार्टारिक आम्लात विरघळते. पृष्ठभाग पुन्हा उघडा पडतो व क्रिया चालू राहते. अशा रीतीने तांब्याचे विषारी क्षार अन्नात उतरतात. श्रेणीचा नियम येथे मोडत नाही; आम्ल विरघळविते ते धातूचे संयुग होय. चिंच लावून भांडे लगेच धुतल्यास ते उजळते आणि चिंचेचे सार रात्रभर ठेवल्यास कळकते, या दोन्ही गोष्टींचे कारण एकच आहे. तांब्याच्या भांड्यात लिंबाचे सरबत वा ताक ठेवू नये, हा घराघरांतील दंडक त्यामुळेच शास्त्रशुद्ध ठरतो.

यावरचा पारंपरिक उपाय कल्हई हा होय. कल्हई करणारा कारागीर भांडे तापवून त्यावर नवसागर, म्हणजे अमोनिअम क्लोराइड, टाकतो. उष्णतेने नवसागराचे विघटन होऊन अमोनिया व हायड्रोजन क्लोराइड निर्माण होतात. पांढरा धूर दिसतो तो यामुळेच. हायड्रोजन क्लोराइड भांड्यावरील ऑक्साइड काढून टाकतो. स्वच्छ झालेल्या धातूवर २३२ अंश सेल्सिअसला वितळणारे कथील कापसाच्या बोळ्याने पसरविले की चकचकीत थर बसतो. ऑक्साइड राहून गेल्यास कथील त्या जागी धरत नाही. कल्हईसाठी शुद्ध कथील वापरणे आवश्यक आहे. शिसे मिसळलेले कथील स्वस्त पडले तरी आंबट अन्नात शिसे उतरण्याचा धोका असतो.

बिदरी काम

बिदरी हस्तकला कर्नाटकातील बीदरच्या नावाने ओळखली जात असली, तरी ती छत्रपती संभाजीनगर येथेही जोपासली गेली आहे. बिदरीची वस्तू बहुतांशी जस्त व थोडे तांबे यांच्या संमिश्राची असते. ओतीव वस्तू घासून गुळगुळीत केल्यावर तिला मोरचुदाचे द्रावण लावतात. जस्त हे तांब्यापेक्षा अधिक क्रियाशील असल्याने ते तांब्याला द्रावणातून विस्थापित करते व पृष्ठभाग तात्पुरता काळा पडतो; त्यामुळे कोरलेल्या रेषा उठून दिसतात. रेषांत चांदीची तार वा पत्रा ठोकून बसवितात. शेवटी वस्तू तापवून तिला नवसागर मिसळलेल्या विशिष्ट मातीचा लेप देतात. नवसागराचे द्रावण किंचित आम्लधर्मी असते. लेपाने जस्ताचे संमिश्र कायमचे काळे होते, तर श्रेणीत फार खाली असलेली चांदी शुभ्र राहते. दोन धातूंच्या क्रियाशीलतेतील अंतरावर ही सबंध कला उभी आहे.

शेतजमीन व ठिबक सिंचन

दख्खनच्या काळ्या जमिनीत चुनखडीचे खडे व मुक्त चुना आढळतो. मातीच्या ढेकळावर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकून ती किती फसफसते यावरून चुनखडीच्या प्रमाणाचा प्राथमिक अंदाज घेतात. नेमके प्रमाण मृद्-परीक्षण प्रयोगशाळेत ठरते. चुना अधिक असल्यास मोसंबीसारख्या फळझाडांना लोह व जस्त ही द्रव्ये जमिनीत असूनही मिळत नाहीत आणि कोवळी पाने पिवळी पडतात.

विहिरी व विंधनविहिरी यांच्या जड पाण्यातील कॅल्शिअम बायकार्बोनेटपासून कॅल्शिअम कार्बोनेट तयार होऊन ते ठिबक संचाच्या ड्रिपरमध्ये साठते. ते काढण्यासाठी आम्ल प्रक्रिया करतात. संचातून वाहणाऱ्या पाण्यात आम्ल मिसळून त्याचा सामू ४ च्या आसपास आणतात, ते पाणी नळ्यांच्या टोकापर्यंत पोहोचू देतात, संच काही तास बंद ठेवतात व नंतर नळ्यांची टोके उघडून स्वच्छ पाण्याने धुऊन घेतात. प्लॅस्टिकच्या नळ्यांना विरल आम्लाची बाधा होत नाही. तथापि गाळणीची लोखंडी टाकी, पंप व पितळी जोड हे भाग आम्लाच्या मार्गात येणार नाहीत अशी मांडणी करावी लागते. कॅल्शिअम अधिक असलेल्या पाण्यात सल्फ्युरिक आम्ल वापरल्यास कॅल्शिअम सल्फेटचा साका बसण्याची शक्यता असते.

द्राक्षे व मोसंबी यांवर फवारले जाणारे बोर्डो मिश्रण मोरचूद व चुना यांपासून बनते. मोरचुदाचे द्रावण आम्लधर्मी असून चुना त्याचे उदासिनीकरण करतो. मिश्रणात लोखंडी चाकू वा खिळा क्षणभर बुडवून पाहतात. त्यावर तांबूस थर आला तर मोरचूद मोकळे आहे व चुना कमी पडला आहे असे समजतात. असे मिश्रण फवारल्यास पाने करपतात. लोखंड तांब्याला विस्थापित करते या नियमाची ही शेतातील परीक्षा होय. मिश्रण लोखंडी वा जस्ताच्या भांड्यात न करता प्लॅस्टिकच्या पिंपात का करावे, तेही यावरून समजते.

वाळूज औद्योगिक वसाहत

वाळूज येथे बजाज ऑटोचा वाहननिर्मिती कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला. वाहनांचे सुटे भाग तयार करण्याच्या उद्योगात धातूच्या पृष्ठभागावरील प्रक्रियांना महत्त्व असते. तप्त अवस्थेत लाटलेल्या पोलादावर लोहाच्या ऑक्साइडांची काळसर खपली असते. रंग, जस्तविलेपन वा विद्युतविलेपन यांपूर्वी ती हायड्रोक्लोरिक किंवा सल्फ्युरिक आम्लाच्या हौदात काढतात. या क्रियेस कारखान्यांत ‘पिकलिंग’ म्हणतात. खपली विरघळावी पण पोलाद विरघळू नये, यासाठी आम्लात अल्प प्रमाणात निरोधक द्रव्य मिसळतात. ते उघड्या धातूवर चिकटून त्याचे रक्षण करते. वस्तू हौदात जास्त वेळ राहिली तर पोलाद झिजते, शिवाय सुटलेल्या हायड्रोजनचा काही अंश पोलादात शिरतो. उच्च ताकदीचे बोल्ट व स्प्रिंगा यांत त्यामुळे ठिसूळपणा येऊन ते भाराखाली अचानक तुटू शकतात. जस्तविलेपनासाठी स्वच्छ वस्तू सुमारे ४५० अंश सेल्सिअस तापमानाच्या वितळलेल्या जस्तात बुडवितात.

साखर कारखान्यांतील बाष्पीभवन पात्रांच्या नळ्यांवर बसलेला साका काढतानाही प्रथम अल्कली व नंतर निरोधकयुक्त आम्ल वापरण्याची पद्धत आहे.

वापरलेल्या आम्लात लोहाचे क्षार व उरलेले आम्ल असते. ते चुन्याने उदासीन केल्यावर लोहाचे हायड्रॉक्साइड गाळाच्या रूपात खाली बसते. असा गाळ व वापरलेले आम्ल यांची विल्हेवाट घातक कचऱ्यासंबंधीच्या २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार लावणे बंधनकारक असून महाराष्ट्रात त्यावर राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची देखरेख असते. उदासीन न केलेले आम्ल नाल्यात सोडल्यास ते जमिनीतील चुनखडी विरघळविते आणि सोबतचे धातूंचे क्षार भूजलात उतरू शकतात.

दगड, फरशी व वास्तू

मराठवाड्यातील जुन्या घरांत सर्रास आढळणारी शहाबादी फरशी हा चुनखडक आहे. त्याचा मुख्य घटक कॅल्शिअम कार्बोनेट होय. डाग काढण्यासाठी तिच्यावर आम्ल ओतल्यास फेस येतो तो मळाचा नसून खुद्द फरशी विरघळत असल्याचा असतो. फरशीची झिलई जाते व खड्डे पडतात. कडप्पा व संगमरवर यांचीही तीच गत होते. बेसाल्टचा काळा दगड सिलिकेट खनिजांचा असल्याने त्यावर विरल आम्लाचा तत्काळ परिणाम दिसत नाही. बेसाल्टच्या पोकळ्यांत सापडणारे पांढरे कॅल्साइट आम्लाने फसफसते, गारगोटी फसफसत नाही. खनिजे ओळखण्याची ही सोपी कसोटी आहे.

सतराव्या शतकात बांधलेल्या बीबी का मकबरा या वास्तूत घुमटासाठी संगमरवर आणि इतर बऱ्याच भागात बेसाल्ट व चुन्याचा गिलावा वापरला आहे. संगमरवर व चुना ही दोन्ही कॅल्शिअमची संयुगे असल्याने हवेतील सल्फर डायऑक्साइडपासून बनणारे आम्ल अशा पृष्ठभागांना मारक ठरते : कार्बोनेटचे सल्फेट होते, वरचा थर भुसभुशीत होऊन गळून पडतो. अशा वास्तूंची सफाई आम्लाने करू नये.

सुरक्षितता

* आम्ल विरल करताना नेहमी पाण्यात आम्ल सावकाश घालावे. संहत सल्फ्युरिक आम्लात पाणी ओतल्यास निर्माण होणाऱ्या उष्णतेने पाणी उकळून आम्ल अंगावर उडते.
* आम्ल धातूच्या डब्यात साठवू नये. बंद डब्यात हायड्रोजन साठून दाब वाढतो. बॅटरी भारित होतानाही हायड्रोजन निघतो. त्या जागी हवा खेळती असावी व ज्योत नसावी.
* संडास स्वच्छ करण्याचे आम्ल व ब्लीचिंग पावडर (ग्रामपंचायती पाण्यासाठी वापरतात ती टीसीएल पावडर) कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरिन निघून श्वास कोंडतो व फुप्फुसांना इजा होते.
* काळा गाळ साचलेल्या टाक्या व गटारे यांत सल्फाइडे असतात. तेथे आम्ल ओतू नये. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढल्यावर त्याचा वास येईनासा होतो, म्हणून वास नाही म्हणजे धोका नाही असे मानणे प्राणघातक ठरते.
* विद्युतविलेपनाच्या कारखान्यांत सायनाइडयुक्त व आम्लयुक्त सांडपाण्याचे मार्ग पूर्णपणे वेगळे ठेवावे लागतात.
* आम्ल अंगावर वा डोळ्यांत गेल्यास निदान १५ ते २० मिनिटे वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवावे व त्वरित वैद्यकीय मदत घ्यावी. डोळ्यांत सोडा वा चुना घालू नये. उदासिनीकरणाच्या उष्णतेने इजा वाढते. आम्ल पोटात गेल्यास उलटी करवू नये.

सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार आम्लाच्या खुल्या विक्रीवर निर्बंध असून १८ वर्षांखालील व्यक्तीस आम्ल विकण्यास मनाई आहे.

प्रयोगशाळेतील वायूंची ओळख

* हायड्रोजन : परीक्षानळीच्या तोंडाशी पेटती काडी नेल्यास ‘फट्’ असा आवाज होतो.
* कार्बन डायऑक्साइड : जळती काडी विझते, चुन्याची निवळी दुधाळ होते.
* हायड्रोजन सल्फाइड : लेड ॲसिटेटच्या द्रावणात भिजविलेला कागद काळा पडतो.
* सल्फर डायऑक्साइड : आम्लयुक्त पोटॅशिअम डायक्रोमेटचा नारिंगी कागद हिरवा होतो.
* नायट्रोजन डायऑक्साइड : तांबूस तपकिरी रंग व तीव्र वास.

विषारी वायूंच्या परीक्षा शिक्षकांच्या देखरेखीखाली, धूरकपाटात व अत्यल्प प्रमाणात कराव्यात.

हेही पहा

* आम्ल
* आम्लारी
* अभिक्रियाशीलता श्रेणी
* उदासिनीकरण
* कल्हई
* क्षरण
* बिदरी काम
* सामू